बटण, हुक की हातोडा? एका .२२ रायफलच्या नळीचं प्रकरण

मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या शिरोली एमआयडीसीतल्या शेडवर तिघं आली. एक नेमबाजीचे प्रशिक्षक, करवीर तालुक्यातले एक ऊस शेतकरी आणि त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी. मुलगी ५० मीटर रायफल खेळते. तिच्या हातात कागदी टार्गेटांची थप्पी होती, प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख आणि गोळ्यांचा लॉट नंबर लिहिलेला. रायफल शिकंज्यात पक्की धरून मारलेल्या दहा-दहा गोळ्यांचे ते गट होते. वर्षभरापूर्वीच्या कागदांवर दोन सर्वांत लांबच्या गोळ्यांच्या मध्यांमधलं अंतर १३ मिमीच्या आसपास होतं. अलीकडच्या कागदांवर ते २१ झालं होतं. माणूस बाजूला काढून, शिकंज्यातून मारलेल्या गोळ्या असूनही.

वडील म्हणाले, "पाव्हणं, नळी बदलाय पाहिजे असं सगळी म्हणालेत. कापलेली घ्यायची, बटणाची घ्यायची, का हातोड्याची, तेवढंच सांगा. पैशाची सोय मी करतो."

मी बंदुका बनवत नाही. २६ वर्षं हायड्रॉलिक सिलिंडरचं होनिंग आणि खोल बोअरचं, म्हणजे आरपार भोकाचं, ड्रिलिंग करतो. पण लांब, बारीक, सरळ आणि गुळगुळीत बोअर हा माझा रोजचा विषय आहे, आणि नळी म्हणजे तेच, वर पीळ घातलेलं. कोल्हापुरात हा प्रश्न कारखान्याच्या दारापर्यंत येतो त्यालाही कारण आहे. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पोटावर झोपून मारायच्या प्रकारात) ५९७ गुण मारून जगज्जेतेपद आणलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने मारायच्या प्रकाराचं) ऑलिंपिक कांस्य आणलं. इथे रायफल हा शेतकऱ्याच्या घरातही गांभीर्याने बोलायचा विषय झाला आहे, आणि एका नळीचा खर्च त्या घराला काय पडतो हे मला कळतं. म्हणून उत्तर द्यायची घाई केली नाही.

आधी हिशोब. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी. गोळीचं भोक ५.६ मिमीचं. भोकाची कड दहाच्या रेषेला लागायची तर गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत हवा. म्हणजे रायफलचा स्वतःचा गट १६ मिमीच्या आत असेल तर सगळे दहा पडू शकतात, खेळाडूने एकही चूक केली नाही तर. १३ चा गट तिला चुकीसाठी थोडी जागा सोडत होता. २१ चा गट तिने काहीही न चुकता नऊ देत होता. पोरगी सहा महिने स्वतःचा श्वास आणि ट्रिगर दुरुस्त करत बसली होती. मला सगळ्यात जास्त वाईट त्याचं वाटलं.

मधल्या काळात काय झालं होतं

रायफल क्लबच्या परवान्यावरची. नळी ६९० मिमी लांब, बाहेरून २२ मिमीचा सरळ दंडगोल, आत आठ खाचा, बटण पद्धतीने केलेली. रायफल पुढे जड पडते अशी मुलीची तक्रार होती आणि ती खरीच होती, कारण तिचा बांधा लहान. म्हणून दुसऱ्या शहरातल्या एका परवानाधारक कारागिराकडून तोंडाकडचा २३० मिमी भाग लेथवर २२ वरून १५ मिमीवर टर्न करून, म्हणजे बाहेरून कापून बारीक करून, घेतला. साडेतीनशे ग्रॅमांहून थोडं जास्त वजन उतरलं. फोटो पाहिले, काम देखणं होतं: पृष्ठभाग स्वच्छ, खांद्याला गोलाई दिलेली, कुठे चॅटरची खूण नाही. रायफल हातात छान बसायला लागली आणि त्यानंतर गट फाटला.

हे सगळं तिने मला पाचव्या-सहाव्या वाक्यात सांगितलं, सहज, जणू त्याचा काही संबंध नसावा. प्रशिक्षकांना गोळ्यांच्या लॉटवर संशय होता. त्यांनी चार लॉट बदलून पाहिले होते. एका जाणकार मित्राने सांगितलं होतं, बटणाची नळी ती बटणाचीच, कापलेल्या रायफलिंगची मागवा. एका विक्रेत्याचं म्हणणं होतं की हातोड्याची घ्या, जन्मभर झिजणार नाही. कुणी लॉटचं नाव घेतलं, कुणी पद्धतीचं. लेथवर काय झालं हे कुणी विचारलं नाही.

सऱ्या पाडायच्या रीती

वडिलांना मी शेतातूनच समजावलं. नळीच्या आत सऱ्या आणि वरंबे असतात, फक्त ते सरळ न जाता पीळ घेत पुढे जातात. मऊ शिशाची गोळी वरंब्यांवर रुतते, सरीत भरते आणि पिळाबरोबर फिरत बाहेर पडते. .२२ मध्ये (हे नळीच्या आतलं माप, इंचांत) पीळ बहुतेक वेळा १६ इंचांत एक फेरा, म्हणजे ४०६ मिमीत एक. गोळी सेकंदाला ३२५ मीटरने सुटली तर ती सेकंदाला ८०० वेळा फिरत असते, मिनिटाला ४८,०००. भोवरा फिरतोय तोवर पडत नाही, तशी ती नाक पुढे धरून जाते. आणि एवढं सगळं करणारी सरी किती खोल? ०.०६ मिमीच्या आसपास. डोक्याचा एक केस.

सुरुवात सगळीकडे जवळजवळ सारखी. गज घ्यायचा, बहुधा आपल्या ईएन १९ च्या जातीचा क्रोम-मॉली किंवा स्टेनलेस, गनड्रिलने आरपार बोअर पाडायचा, मग रीमरने तो मापात गुळगुळीत करायचा. गनड्रिल आमच्याकडेही आहे. एकाच ओठाची कार्बाइडची टीप, बाजूला व्हीच्या आकाराची खाच, आतून दाबाने येणारं कूलंट आणि त्या खाचेतून बाहेर वाहून जाणारी बर, म्हणजे धातूचा कीस. क्रँकशाफ्टची तेलाची भोकं आपण याच जातीच्या ड्रिलने पाडतो. फरक पडतो तो यापुढे.

सगळ्यात जुनी रीत कापायची. १५व्या शतकाच्या अखेरीपासून जर्मन भाषा बोलणाऱ्या प्रदेशांत अशा नळ्या दिसायला लागतात. लांब दांड्याच्या टोकाला एक छोटा हुक कटर बसवतात. तो ओढला जाताना नळी आणि दांडा एकमेकांच्या हिशोबात फिरतात आणि एका सरीतून दोन-अडीच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) पापुद्रा निघतो. मग नळी एक घर फिरवून पुढची सरी. सगळ्या झाल्या की कटर केसभर वर उचलायचा आणि पुन्हा पहिलीपासून. आठ सऱ्या, प्रत्येकीला वीस-पंचवीस पास, म्हणजे दोनशेच्या घरात ओढ. काही नामांकित नळीवाले अजूनही शंभर वर्षांच्या जुन्या प्रॅट अँड व्हिटनी यंत्रांवर हे काम करतात. वेळ लागतो, माणूस लागतो. पण इतका बारीक पापुद्रा काढताना पोलादाला जवळजवळ काही कळतच नाही, त्याच्या आत नवा ताण साठत नाही. या रीतीचं खरं मोल इथे आहे.

बटणाची रीत अगदी उलटी. बटण म्हणजे टंगस्टन कार्बाइडचा गुळगुळीत, करंगळीच्या पेरापेक्षा लहान ठोकळा, त्याच्या अंगावर सऱ्यांचा उलटा छाप. बोअरपेक्षा किंचित मोठा. तो हायड्रॉलिक दाबाने नळीतून ओढतात किंवा ढकलतात. एका मिनिटाच्या आत सगळ्या सऱ्या एकदम तयार, आणि एक कणही बर निघत नाही, कारण काही कापलेलंच नसतं. पोलाद दाबून बाजूला सारलेलं असतं. उद्यमनगरातल्या कुणालाही हे समजेल: आटे कापणं आणि आटे रोल करणं यातला जो फरक, तोच हा. पृष्ठभाग सुरेख येतो, माप लांबीभर एकसारखं येतं. स्मॉलबोअरच्या स्पर्धांत बटणाच्या नळ्या सर्रास चालतात आणि पदकं आणतात. तेव्हा "बटणाची ती बटणाचीच" हे मला पहिल्यापासून पटलं नव्हतं.

पण दाबलेलं पोलाद दाब विसरत नाही. हुपरीत चांदीची तार भोकांच्या पट्टीतून ओढताना पाहा. दोन-चार घरं ओढली की तार ताठरते, मग तिला तापवून नरम केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नळीचंही तसंच. बटण गेल्यावर बोअरलगतचा थर कायमचा बाहेर सरकलेला असतो आणि त्याच्या भोवतीचं जाड पोलाद त्याला आत दाबून धरत असतं. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात, ती थंड होऊन आवळते आणि आरे घट्ट बसतात. तसा हा आवळा. म्हणून बटण ओढल्यावर नळी साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सावकाश थंड करायची असते. ताण पूर्ण जात नाही, पण बराच उतरतो. आणि नळी बाहेरून बारीक करायची असेल तर त्यानंतर.

आधीच निमुळती केलेल्या नळीतून बटण ओढलं तर वेगळं संकट येतं: जाड भाग जास्त आवळून परत येतो, पातळ भाग कमी, आणि बोअर लांबीभर एकसारखा राहत नाही. क्रम महत्त्वाचा आहे तो यामुळे.

हातोड्याची रीत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत मशिनगनच्या नळ्या भराभर काढण्यासाठी पुढे आली. आखूड, जाड, पोकळ गज घ्यायचा, आत सऱ्यांचा उलटा छाप असलेला कार्बाइडचा मँड्रेल (दांडा), आणि बाहेरून चारी अंगांनी हातोडे. गज लांब होत जातो, बोअर मँड्रेलवर ठसतो, दोन-चार मिनिटांत काम होतं. काही शिकारी रायफलींच्या नळीवर हातोड्यांचे पीळदार ठसे मुद्दाम ठेवलेले दिसतात. नळी टणक होते, हे विक्रेत्याचं म्हणणं बरोबर. मात्र ताण इथेही भरपूर साठतो, आणि .२२ ची मऊ शिशाची गोळी नळी झिजवते ती इतकी सावकाश की टणकपणा हा या मुलीच्या अडचणीवर उपायच नव्हता. जो जास्त गरम वायू सोडणाऱ्या, तांब्याच्या आवरणाच्या गोळ्या हजारोंनी मारतो, त्याने त्याचा विचार करावा.

ब्रोचने सगळ्या सऱ्या एकदम कापतात, ते मुख्यतः पिस्तुलांच्या आखूड नळ्यांत. विद्युत-रासायनिक पद्धतीत धातूला स्पर्शच होत नाही, तो विरघळवून काढतात. दोन्ही चांगल्या, दोन्हींचा इथे संबंध नाही.

तपासणी

नळी आमच्या शेडवर आणली नाही. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे नळीवर काम करायला परवाना लागतो, म्हणून क्लबच्या परवानाधारक आर्मररच्या (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याच्या) बाकावर, त्यांच्या हातून तपासणी झाली. मी माझा मायक्रोमीटर आणि नळीच्या आत बघायचा बोअरस्कोप घेऊन गेलो.

बोअरस्कोपमध्ये काही सापडलं नाही. सऱ्या स्वच्छ, चेंबरपुढे (मागे काडतूस बसतं त्या जागेपुढे) थोडी काजळी, तोंडाची कड शाबूत. इथेच थांबलो असतो तर नळी ठीक आहे असं म्हणून मोकळे झालो असतो.

मग शिसं. मऊ शिशाचा बोअरपेक्षा किंचित मोठा तुकडा, तेलाचं बोट, आणि चेंबरच्या बाजूने गुळगुळीत दांड्याने सावकाश ढकलायचा. आर्मररने आधी स्वतः ढकलला आणि काही न बोलता दांडा मुलीच्या हातात दिला. ती ढकलत गेली. एकसारखा, लोण्यात सुरी फिरावी तसा विरोध. साडेचारशे मिमीच्या जरा पुढे तिचा हात थांबला. "काका, इथे सुटलं," ती म्हणाली. पुढचा सगळा प्रवास सैल होता, तोंडापर्यंत. नळी उलटून बाहेरच्या बाजूला बोट ठेवलं तर बोट बरोबर खांद्यावर आलं, जिथून टर्निंग सुरू होत होतं.

दुसरा तुकडा मधल्या भागातून परत काढला आणि तिसरा तोंडाकडून थोडा आत घालून मागे घेतला. खाचा आठ, म्हणजे समोरासमोर, त्यामुळे साध्या मायक्रोमीटरने मापता येतं. पाच असत्या तर समोरासमोर आल्या नसत्या आणि व्हीच्या आकाराच्या एन्व्हिलचा मायक्रोमीटर लागला असता. सगळं तासभर एकाच खोलीत ठेवलं, कारण मायक्रॉनच्या मापात हाताची ऊबही खोटं बोलायला लावते. तोंडाकडचा तुकडा मधल्यापेक्षा ५ मायक्रॉनने मोठा निघाला. चार वेळा मापलं, ४ आणि ५ च्या मध्येच राहिलं.

धाव घासून पातळ केली की आरे सैल पडतात. बाहेरचं आवळणारं पोलाद लेथवर गेलं, आतला दाबलेला थर मोकळा झाला आणि बोअर फुलला. गोळीला शेवटचा स्पर्श तोंडापाशी होतो. नळी तोंडाकडे किंचित घट्ट असावी म्हणून नळीवाले जिवाचा आटापिटा करतात; इथे ती शेवटच्या २३० मिमीत सैल झाली होती. गोळी तिथे किंचित कलंडायला मोकळी, बाजूने वायू निसटायला वाट.

प्रशिक्षकांनी इथे एक चांगली शंका काढली. नळी पातळ झाल्याने तिची थरथरही बदलली असेल, दोष त्याचा कशावरून नाही? बरोबर होतं. शिशाचं माप सैलपणा सिद्ध करतं, गट त्यामुळेच फाटला हे सिद्ध करत नाही. म्हणून तोंडाजवळ काढलेल्या वजनाइतकीच कॉलर बसवून पुन्हा पाच गट मारले. सरासरी २१ वरून १९ वर आली. थरथरीचा वाटा होता, पण लहान.

निर्णय

सैल भाग लॅपिंगने (आतून बारीक घासून) जुळवता येत नाही; लॅपिंग बोअर वाढवतं, आवळत नाही. सगळी नळी त्या मापाला आणणं म्हणजे चांगली साडेचारशे मिमी बिघडवणं. नवी नळी हा वडिलांच्या मनातला मार्ग होता. माझं मत वेगळं पडलं: पुढचा भाग कापून टाका.

त्यांना धक्का बसला. पण .२२ ची दारू फारच थोडी असते. नळीच्या पहिल्या ४०० ते ४५० मिमीत गोळीला मिळायचा तो वेग मिळून जातो, पुढे घर्षणाने तो उलट थोडा कमी होतो. लांब नळीचा उपयोग मुख्यतः पुढची साइट लांब ठेवायला. ते काम ॲल्युमिनियमची हलकी जोडनळी करते, आणि स्पर्धेतल्या कित्येक रायफलींवर आखूड नळी आणि पुढे अशी जोडनळी असतेच. वजन कमी करायची मूळ गरजही यातच भागत होती. नळी टर्न करण्याऐवजी पहिल्यांदाच हे केलं असतं तर, असं प्रशिक्षक हळहळले.

अडचण कायद्याची होती. नळी आखूड करणं हे शस्त्र कायद्याच्या कलम ६ खाली येतं. परवान्याशिवाय कुणी ते केलं तर गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. क्लबने रीतसर कागद केले. तीन महिने गेले. मुलगी तेवढे दिवस क्लबच्या दुसऱ्या रायफलने खेळली. मग आर्मररने चेंबरपासून ४४५ मिमीवर, पूर्ण जाडीच्या भागात नळी कापली, तोंड अक्षाशी काटकोनात घेतलं, कड भिंगाखाली तपासली आणि पुढे जोडनळी बसवली.

पाच गट मारले. सरासरी १४ मिमी. पूर्वीचे १३ परत आले नाहीत, आणि चार लॉटपैकी एक लॉट ही नळी अजूनही १७ च्या खाली मारत नाही. तो लॉट त्यांनी सरावाला ठेवला.

मला मात्र एक गोष्ट खुपत होती. कारखान्यात नळी बटणानंतर नीट तापवली असती तर बोअर इतका फुलला नसता, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं, आणि त्याला पुरावा फक्त माझा अनुभव होता. कापलेल्या तुकड्यातून आर्मररने पाच-पाच मिमीच्या दोन चकत्या काढून, नोंद करून मला दिल्या: एक २२ मिमीच्या जाड भागातली, एक १५ मिमीच्या पातळ भागातली. शेजारच्या शेडवर वायरकटने (तारेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या यंत्राने) दोन्हींना एका बाजूने बोअरपर्यंत चीर दिली. वायरकटची चीर ०.३० मिमीची पडते. ताण नसता तर ती तेवढीच राहिली असती.

पातळ चकतीच्या बाहेरच्या कडेला फीलर गेजची (फट मापायच्या पातळ पट्ट्यांची) ०.३२ ची जोडी गेली, पुढची अडकली. जाड चकतीत ०.३५ ची गेली. म्हणजे जाड भागात आवळा अजून तसाच भरलेला होता आणि पातळ भागातला लेथने आधीच सोडवला होता. दोन्ही चकत्या मुलीने मागून नेल्या. पुढची नळी घ्यायची वेळ येईल तेव्हा विक्रेत्याला विचारायचे दोन प्रश्न तिने त्याच पाकिटावर पेन्सिलीने लिहून घेतले: रायफलिंगनंतर तापवली होती का, आणि बाहेरून टर्निंग त्याच्या आधी की नंतर.

वडिलांनी नळीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून चांगल्या मारलेल्या लॉटच्या गोळ्या भरल्या. आता ती दर शनिवारी त्यातल्या दहा शिकंज्यातून मारते आणि कागदाचा फोटो मला पाठवते.